करडीच्या गोपीचंदची हाक

करडीच्या गोपीचंदला तुम्ही पाहिलं नसेल, पण दिवाळीनंतर कधी मोहाडी तालुक्यातून गेला असाल तर ऐकलं नक्की असेल. ते टाळताच येत नाही. त्याच्या ऑटोच्या टपावर दोन भोंगे आहेत, एकाचं तोंड पुढे आणि एकाचं मागे. म्हणजे येणाऱ्यालाही ऐकू जावं आणि जाणाऱ्याचीही सुटका होऊ नये. माणूस दिसायला काडीसारखा. शर्ट खुंटीवर टांगला तरी त्याच्या अंगावरच्यापेक्षा भरलेला वाटेल. "आंगात काई जीव नाई, सारा गऱ्यातच हाय," असं आपल्या गळ्याला हात लावून त्याची बायको रत्नाबाई सांगते, आणि सांगताना तिला अभिमान लपवता येत नाही.

झाडीपट्टीत धान कापणीला आला की मंडया भरू लागतात. मंडई म्हणजे गावाची जत्रा. घरोघरी पाहुणे, सासरच्या लेकी माहेरी, दिवसा दंडार हा नाचगाण्याचा खेळ आणि अंधार पडला की नाटक. नाटकाला हजारोंनी माणसं येतात, घरून आणलेलं बारदान अंथरून बसतात आणि पडदा उघडायची वाट पाहतात. या माणसांना बोलवायचं काम गोपीचंदचं. हल्ली पोस्टर मोबाइलवर फिरतं, मग ऑटो कशाला फिरवायचा, असं त्याला कोणी तरी दरवर्षी विचारतंच. त्याचं उत्तर ठरलेलं आहे. "मोबाइलवर बोलावलं त माणूस आंगठा दाखवते. माह्या हाकेवर 'येतो' म्हणते."

आणि ते खरंच आहे. या भागात एक रीत आहे. बांधावरून कोणी हाक दिली तर ती तशीच खाली पडू द्यायची नाही, उत्तर द्यायचं. गोपीचंदचा ऑटो रस्त्याने निघाला की धान कापणाऱ्या बाया कंबर सरळ करतात, हातातला विळा वर धरतात आणि ओरडतात, "येतो गाऽऽ!" कोणी येतं, कोणी येत नाही, पण उत्तर मिळतं. हे उत्तर ऐकलं की गोपीचंदची मान जरा ताठ होते. आजवर त्याची एकच बढाई आहे, आणि ती तो चहाच्या टपरीपासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांना ऐकवतो. "म्या मुनादी देलेला मंडप आजपावतर खाली राहिला नाई."

मुनादीची, म्हणजे दवंडीची, ही विद्या त्याला लक्ष्मणरावांनी दिली. हे लक्ष्मणराव जुन्या काळी तंबूतल्या सिनेमासाठी पवनीपासून तुमसरपर्यंत सायकलवर भोंगा बांधून फिरायचे. तापट माणूस. गोपीचंदने एक शब्द चुकवला तर भर चौकात माइक हिसकावून घ्यायचे. त्यांनी त्याला बरंच काही शिकवलं, पण एक गोष्ट कान धरून शिकवली. भोंग्याचा शेवटचा शब्द 'या' असला पाहिजे. काहीही सांगायचं असो, भोंग्यातून 'जा' म्हणायचं नाही. "भोंगा म्हंजे दारातला माणूस होय," ते म्हणायचे. "दारातल्या माणसानं 'जा' म्हटलं त त्या घरी पुन्हा कोण येईन?"

गोपीचंदने हे इतकं मनावर घेतलं की एका पावसाळ्यात वैनगंगा फुगली तेव्हाही तो बधला नाही. तहसीलच्या साहेबांनी सांगितलं, नदीकाठच्या लोकांना निघून जायला सांग. हा ओरडत सुटला, "पाणी चढून राहिलं, बाप्पा! ढोरं सोडा, लेकरायले घ्या, म्हाताऱ्यायले उचला, आन वर शाळेत याऽऽ!" साहेब म्हणाले, अरे, आधी 'निघून जा' तरी म्हण. गोपीचंद म्हणाला, "साहेब, 'जा' म्हटलं त माणूस विचारते, कुठी जाऊ? 'या' म्हटलं त येते." शाळा भरली. आता ही गोष्ट सांगताना तो पुराचं पाणी दरवर्षी हातभर वाढवतो, ते सोडून द्या.

तर अशा या गोपीचंदकडे गेल्या मंडईच्या दिवसांत नागपूरचा वीरेंद्र आला. दाढीवाला, सुती झोळीवाला, बोलायला सभ्य, पण चेहरा असा की घरचं कोणी दवाखान्यात असावं. त्याने एक फिरतं प्रदर्शन काढलं होतं. बस्तरच्या जंगलात वर्षानुवर्षं जी मारामारी चालली, तिच्यात गावंच्या गावं उठली. त्या गावांवर काही कलाकारांनी कामं केली होती, त्यातले काही तर तिकडचेच होते. हे सगळं ट्रकमध्ये घालून तो गावोगाव नेत होता. आंधळगावच्या बंद पडलेल्या राइस मिलचं गोदाम त्याला दोन दिवसांसाठी मिळालं होतं.

"आधीच्या दोन गावांत कोणी आलंच नाही हो," वीरेंद्र म्हणाला. "एका ठिकाणी चौकीदार आला आणि एक शेळी."

"शेळीनं काय पाह्यलं?" गोपीचंदने विचारलं.

वीरेंद्र पहिल्यांदाच हसला. मग त्याने कागदावर लिहून आणलेला मजकूर पुढे केला. 'संघर्षग्रस्त प्रदेशातील समकालीन दृश्यकलेचे फिरते प्रदर्शन.' गोपीचंदने तो मजकूर दोनदा वाचला आणि घडी करून सीटखाली ठेवला. एवढं वाक्य भोंग्यातून सोडलं तर रस्त्यावरचं कुत्रंही थांबणार नाही, हे त्याला कळत होतं.

"तुमी फिकर नोका करू," तो म्हणाला. "मंडप भरून देतो."

इथे त्याने चूक केली, आणि ती मुनादीवाल्यानेच करावी अशी चूक होती. माणसांना बोलवायची त्याला एकच तऱ्हा ठाऊक होती, नाटकाची. दुसऱ्या दिवशी तो आंधळगाव, करडी आणि आजूबाजूच्या खेड्यांत फिरला तो असा ओरडत, "आलेऽऽ आले! दूर जंगलातून थेट आपल्या आंधळगावात! कधी न पाहिलेलं, कधी न ऐकलेलं! काळीज हलवून सोडणारं, डोळ्यात पाणी आणणारं! उद्या सकाळी, राइस मिलच्या गोदामात! बायकालेकरांसहित याऽऽ!" नाटक हा शब्द आपण उच्चारला नाही, असं तो आजही शपथेवर सांगतो. खरंच उच्चारला नसेल. पण ऐकणाऱ्यांना दुसरं काय वाटणार होतं? सकाळचं नाटक म्हणजे काही खास असेल, असंच त्यांनी धरलं. बांधाबांधावरून उत्तर आलं, "येतो गाऽऽ!"

आणि लोक आले. काय आले म्हणून सांगू! सकाळचं ऊन अंगणात उतरतं न उतरतं तोच गोदामासमोर सायकली, मोटारसायकली आणि दोन ट्रॅक्टर उभे. बायांच्या काखेत बारदानं, पिशवीत मुरमुरे, कडेवर पोरं. गोदामात शिरताच समोर भिंतभर लांब काळं कापड टांगलेलं होतं. काळं कापड म्हणजे पडदा, आणि पडदा म्हणजे त्याच्यासमोर बसायचं, हे काय कोणी सांगायला हवं? सगळ्यांनी बारदानं अंथरली आणि बसले. पुढे पोरं, मागे बाया, कडेला बापे. बिचाऱ्या वीरेंद्रला आनंद व्हावा की रडू यावं ते समजेना. तो हात जोडून सांगत होता, "उठा ना, फिरून बघा ना." लोकांना वाटलं, हा नाटकातलाच कोणी असेल. ते कौतुकाने त्याच्याकडे पाहत राहिले.

गोपीचंद दारात उभा होता. गर्दी पाहून त्याची छाती फुगली होती. रत्नाबाई त्याच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मंडप त भरला. पण हे सारे कायची वाट पाहून राहिले, ठाऊक हाय ना?"

तेव्हा कुठे त्याला आपण काय ओरडत फिरलो ते आठवलं.

पडदा काही उघडेना. मुरमुरे संपले. पोरं किरकिर करू लागली. मग जागेश्वर उठला. जागेश्वर म्हणजे आंधळगावच्या नाटक मंडळाचा जुना कारभारी, गोपीचंदला दरसाल काम देणारा माणूस. "काय गा गोपीचंद," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नाटक कवा सुरू होते?"

"नाटक नाई, जागेश्वरभाऊ. पाहाचं हाय. उठून पाहाचं."

"म्हंजे नाटक नाईच?"

"नाई."

गोदामात कुजबुज सुरू झाली. धान उभं टाकून आलो, कोणी म्हणालं. गोपीचंदनं फसवलं, दुसरं म्हणालं. जागेश्वर आवाज न चढवता बोलला, आणि तेच जास्त लागलं. "आजपावतर तू भोंग्यातून जे बोलला ते म्या खरं मानलं. आता तुह्या हाकेवर कोण घरून निघंन गा?"

गोपीचंदची मान खाली गेली. त्याच्याजवळ दुसरं होतंच काय? शेत अर्ध्या एकराचं, तेही रत्नाबाईच्या हिमतीवर चाललेलं. त्याची सगळी कमाई म्हणजे लोकांचा त्याच्या हाकेवरचा विश्वास, आणि तो आज त्याच्या डोळ्यांसमोर बारदान गुंडाळून निघाला होता. मागच्या दोन बाया उठल्याही.

"थांबा जरासेक," एवढंच म्हणून तो काळ्या कापडामागे घुसला. वीरेंद्रच्या माणसांत कोणी गाणारं, वाजवणारं आहे का ते पाहावं, काहीतरी दाखवून वेळ निभावून न्यावी, असं त्याच्या मनात होतं.

कापडामागे गोदामाचा अर्धा भाग होता. एकीकडे पेजेची मडकी रांगेने पालथी घातलेली. एक दाराची चौकट, तिला ना भिंत ना घर, नुसतीच उभी. आणि अगदी शेवटी, एका लाकडी खांबावर, भोंगा.

गोपीचंद तिथेच थबकला. तसलाच भोंगा, त्याच्या ऑटोवरचा असतो तसला. कडेला पोचा पडलेला, रंग उडालेला, वायर तुटून लोंबत असलेली. खांबाभोवती नुसती लाल माती पसरलेली होती. बाजूला एक तरुण बाई खाली बसली होती. ही रिता. हे काम तिचं होतं, आणि ती त्या उठलेल्या गावांपैकी एका गावची होती.

"चालत काहून नाई?" गोपीचंदने विचारलं. धंद्यातल्या माणसाला पहिला प्रश्न तोच सुचतो.

रिता हिंदीत बोलली, तुटक तुटक. भोंगा तिच्या बाबांचा. ते गावचे हाक देणारे. बाजाराच्या दिवशी मीठ आलं, कापडवाला आला, डॉक्टरीण आली, सगळं तेच सांगायचे. एक दिवस बंदूकवाले आले. कोणते, ते तिने सांगितलं नाही आणि गोपीचंदने विचारलं नाही. त्यांनी बाबांच्या हातात माइक दिला आणि सांगितलं, बोल, दिवस मावळायच्या आत गाव खाली करा.

"बाबा ने बोला, जाओ," रिता म्हणाली. "सब चले गए. उसके बाद बाबा ने कभी माइक नहीं पकड़ा. बोलते हैं, मैंने अपने मुँह से गाँव खाली किया."

गोपीचंद मटकन त्या लाल मातीच्या कडेला बसला. लक्ष्मणरावांनी कान धरून शिकवलेली गोष्ट आयुष्यभर त्याने एखाद्या चांगल्या सवयीसारखी पाळली होती. तो शब्द कोणी बंदूक लावून माणसाकडून बोलवून घेतो आणि त्या एका शब्दाखाली माणूस जन्मभर दबून राहतो, हे त्याला माहीत नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं, आणि मग रागही आला. तो तसाच उठला आणि बाहेर गेला. ऑटोतला माइक काढला, लांब वायर ओढत गोदामात आणला, आणि लोकांसमोर उभा राहिला.

"मंडळी, चूक माही हाय," तो म्हणाला. भोंग्यातून येणारा त्याचा आवाज कधी एवढा साधा लागला नव्हता. "नाटकासारखी मुनादी देल्ली, तुमी नाटकाले आले. नाटक नाई. पण या पडद्यामागं माह्यासारख्या एका माणसाचा भोंगा हाय. त्याची गोष्ट आयका, मंग ज्याले जाचं..." इथे त्याची जीभ अडली. जाचं हा शब्द त्याने गिळून टाकला. "मंग ज्याले पाहाचं त्यानं आत या."

आणि त्याने सांगितलं. वाढवलं नाही, पाणी हातभर चढवलं नाही. ऐकलं तेवढंच सांगितलं.

सगळ्यात आधी रत्नाबाई उठली. तिने आपलं बारदान उचललं, कापडामागे गेली, ते रिताच्या बाजूला अंथरलं आणि बसली. बोलली काही नाही. ज्या घरी दुःख झालं त्या घरी आपण असंच जाऊन बसतो, बोलायचं नसतं, नुसतं बसायचं असतं. मग दुसरी बाई आली, मग तिसरी. कोणी मडक्यांसमोर बसलं, कोणी त्या चौकटीसमोर. चौकटीतून आरपार मात्र कोणी गेलं नाही, परक्याच्या घरात न बोलावता कसं शिरायचं म्हणून. वीरेंद्रने आता कोणाला उठा म्हटलं नाही. आधीच्या गावातला तो चौकीदार भिंतीभिंतीने चालत गेला होता आणि चहा कुठे मिळेल ते विचारून निघून गेला होता. इथे जागेश्वरही आपलं बारदान घेऊन आत आला आणि भोंग्यासमोर मांडी घालून बसला. गोपीचंदने ते पाहिलं, आणि त्याची उतरलेली मान हळूहळू जागेवर आली.

बऱ्याच वेळाने तो रिताजवळ वाकला. "बाबा आता कुठी रायते?"

सडकेच्या कडेला एका वस्तीत, ती म्हणाली. फोन होता त्यांच्याकडे.

"लावून पाय. मले त्याईच्या गावाची हाक देऊ दे. एक वेळ."

रिताने त्याच्याकडे पाहिलं. मग गावाचं नाव त्याच्या कानात सांगितलं. ते नाव इथे लिहीत नाही, तिथले लोक अजून परत जायची वाट पाहत आहेत. तिने फोन लावला, आपल्या भाषेत दोन वाक्यं बोलली, स्पीकर सुरू केला आणि फोन गोपीचंदच्या दिशेने धरला. गोपीचंदने माइक तोंडाशी धरला, गळा साफ केला, आणि लक्ष्मणरावांच्या तालमीतला तो खणखणीत आवाज काढला. आधी गावाचं नाव, मग "आज गुरुवारऽऽ! गुरुवारचा बाजार भरला हाऽऽय! मीठ आलं, कापड आलं, सारे याऽऽ!"

फोनमध्ये काही ऐकू आलं नाही. रिताचा चेहरा पडला. मग तिकडून एक खरखरीत, दुखावलेला आवाज आला.

"गुरुवार नहीं. हमारा बाजार मंगल को."

गोदामात आधी कोणी तरी फसकन हसलं, मग सगळेच हसले, आणि हसता हसता रत्नाबाईने पदराने डोळे पुसले. गोपीचंद मात्र हसला नाही. त्याने कान पकडला. मुनादीत वार चुकणं म्हणजे काय, ते त्याच्यापेक्षा जास्त कोणाला कळणार होतं! "गलती झाली, दादा," तो फोनमध्ये म्हणाला. "मले तुमचं गाव ठाऊक नाई. तुमीच सांगा ना बराबर." आणि पुढचं काही ऐकायच्या आत त्याने रिताच्या हातातला फोन घेतला आणि आपल्या माइकला टेकवला.

बराच वेळ ऑटोच्या भोंग्यातून नुसती खरखर आली. दूरवर कुठे तरी कोंबडा आरवला. मग माणसाने घसा खाकरला.

आणि तो बोलला. भाषा त्याच्या जंगलातली होती, आंधळगावात कोणाला एक शब्द कळला नाही. पण चढउतार कळला. आधी गावाचं नाव आलं, ते गोपीचंदने ओळखलं. मग बाजार असेल, मीठ असेल. आवाज सुरुवातीला कापत होता, नंतर स्थिर झाला, मग मोठा झाला. आणि शेवटी एक शब्द आला, लांबवलेला, वर चढवलेला, रस्त्याच्या शेवटच्या घरापर्यंत पोचवलेला. साऱ्या जगातले हाक देणारे तो शब्द असाच लांबवत असतील. त्याने रिताकडे पाहिलं. तिने रडता रडता मान हलवली. होय, तोच शब्द, 'या'.

आणि मग, हाक खाली पडू द्यायची नाही ही रीत जिच्या हाडात मुरलेली, ती रत्नाबाई बसल्या जागेवरून ओरडली, "येतो गाऽऽ!"

तिच्या मागून सगळं गोदाम ओरडलं. बाया, बापे, पोरं, जागेश्वर, तो दाढीवाला वीरेंद्रसुद्धा. पत्र्याच्या छताखाली तो आवाज असा घुमला की बाहेर बांधलेले बैल उभे राहिले. "येतो गाऽऽ!"

गोपीचंदने फोन कानाला लावला. तिकडचा माणूस जोरजोरात श्वास घेत होता. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "कितने लोग हैं?"

गोपीचंदने मागे वळून पाहिलं. भरलेल्या मंडपाची बढाई त्याने आयुष्यात पुष्कळदा मारली होती, चहाच्या टपरीवर, तहसीलदारासमोर, ऐकणाऱ्याला कंटाळा येईपर्यंत. पण आज त्याने फोन दोन्ही हातांनी धरला.

"मंडप भरला हाय, दादा," तो म्हणाला. "पाय ठेवाले जागा नाई."